सरांच्या सात पायल्या

गिऱ्हेपुंजे सरांच्या घरात तीन घड्याळे होती आणि तिन्हींत वेगळी वेळ होती. बैठकीतले घड्याळ रेडिओच्या वेळेला लावलेले. स्वयंपाकघरातले त्याच्या सात मिनिटे पुढे. झोपायच्या खोलीतले चार मिनिटे मागे. घड्याळे बिघडलेली नव्हती. सरांनीच ती तशी लावली होती आणि प्रत्येक दाराच्या चौकटीवर पुठ्ठ्याची एक चिठ्ठी चिकटवली होती. बैठकीतून स्वयंपाकघरात जाताना ‘सात मिळवा’. स्वयंपाकघरातून झोपायच्या खोलीत जाताना ‘अकरा वजा करा’. तिथून परत बैठकीत येताना ‘चार मिळवा’. तिन्ही दारांतून फेरी मारून आले की हिशेब शून्यावर येत असे.

“खोलीनं कोणती वेळ ठेवावी हे खोलीनं ठरवावं,” सर म्हणत. “दारावर नियम लिहिला की झालं.”

तुमसरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात त्यांनी तीसेक वर्षे भौतिकशास्त्र शिकवले. मी त्यांचा विद्यार्थी. गुण बेताचे पडले, विज्ञान सुटले, आणि मी भंडाऱ्याला एका दैनिकात बातमीदार झालो. सर गेले त्याला आता दोन पावसाळे झाले. भौतिकशास्त्रातला ‘गेज सिद्धांत’ हा त्यांचा विषय होता. त्याविषयी मला जे माहीत आहे ते त्यांनी माझ्याकडून लिहून घेतलेले आणि तपासून दिलेले आहे. पुढे काही चुकले असेल तर ते त्यांनी तपासलेले नाही, एवढेच समजावे.

सर बुटके होते. पूर्ण बाह्यांचा शर्ट घालत. वरच्या खिशात पेनाऐवजी खडू असे, त्यामुळे खिसा नेहमी पांढरा. भिंत, फरशी, सायकलचे सीट, तांदळाच्या गिरणीचे लोखंडी दार, जिथे उभे असतील तिथे ते आकृती काढून दाखवत. गिरणीमालकाने एकदा दार रंगवून घेतले तेव्हा रंगाऱ्याने सरांकडे माणूस पाठवून विचारले होते की दारावरचे पुसायचे का.

त्यांचे एक वाक्य सगळ्या गल्लीला पाठ होते. कोणी काहीही मोजमापाचे बोलले की ते विचारत, “शून्य कुठं ठेवलं ते सांग आधी.”

शेजारचे किराणा दुकानदार एकदा म्हणाले, “सर, यंदा लय गरम होऊन राहिलं बापा.”

“शून्य कुठं ठेवलं?”

“ठेवा न नागपूरले!”

“मंग आपल्या इथं थंडच हाये.”

हे वाक्य मला लेखी मिळाले होते. नोकरीला लागलो त्या वर्षी वैनगंगेला पूर आला. कारध्याच्या पुलाजवळ पाण्याची पातळी दोनशेच्या वर मीटर असल्याचे सरकारी कार्यालयातून कळले. मी बातमीत लिहिले की नदी दोनशे मीटरहून अधिक खोल वाहत आहे. डेस्कवर कोणाच्या लक्षात आले नाही. तिसऱ्या दिवशी टपालाने कात्रण आले. ‘खोल’ या शब्दाभोवती लाल गोल, आणि समासात सरांचे अक्षर: ‘दोन कुतुबमिनार एकावर एक ठेवले तरी तुझ्या नदीत बुडतात. आकडा समुद्रसपाटीपासूनचा आहे. शून्य नदीच्या तळाला नसून समुद्राला आहे. शून्य कुठे ठेवलेस?’

मी तुमसरला जाऊन माफी मागितली. सर म्हणाले, “माफी कायले मांगतं? हे समजून घे. शून्य समुद्राले ठेव, नाईतर पुलाच्या पायरीले ठेव, आकडा बदलते. पूर बदलते का?”

“नाही.”

“जे आकड्यासंगं बदलते ते माणसानं ठेवलं हाये. जे बदलत नाई ते नदीचं हाये. भौतिकशास्त्र म्हंजे एवढंच. माणसाचं कोनतं आनं नदीचं कोनतं, हे येगळं करनं.”

ही पहिली पायरी होती. दुसरी पायरी अशी की शून्य सगळीकडे एकदम न हलवता प्रत्येक गावाला, प्रत्येक जागेला आपापले शून्य ठेवू द्यायचे. निसर्गाचे नियम मात्र बदलू द्यायचे नाहीत. मग दोन जागांची तुलना करायला मध्ये काहीतरी लागते, दारावरच्या चिठ्ठीसारखे. ते काहीतरी म्हणजेच बल वाहून नेणारे क्षेत्र. वीज आणि चुंबक यांचे बल, अणूच्या गाभ्याला बांधून ठेवणारे बल आणि किरणोत्सारात दिसणारे बल, ही तिन्ही या एकाच अटीतून मांडता येतात. चौथे गुरुत्वाकर्षण. त्याला सर ‘त्याच घरातला, पण येगळ्या चुलीवर जेवणारा’ म्हणत.

“प्रकाश काहून हाये?” ते वर्गात विचारत. आणि उत्तरही तेच देत. “प्रत्येक जागेला आपलं माप ठेवायची मोकळीक आहे, म्हणून आहे.” वर्गात ते प्रमाण भाषा बोलत. पहिले वाक्य मात्र हटकून घरचे येई.

युरोपातल्या प्रयोगशाळेत एक नवा कण सापडल्याची बातमी आली तेव्हा आमच्या डेस्कने ‘देवकण’ असा मथळा केला. मी सरांना फोन लावला. ते म्हणाले, देवाला यात ओढू नका. प्रत्येक जागेला आपले माप ठेवू देण्याची अट पाळायची तर बल वाहणाऱ्या कणांना वजन असता कामा नये. पण एका बलाचे वाहक चांगलेच जड निघाले. अट मोडली की काय, असे वाटत असताना अट न मोडता त्यांना जड करणारी व्यवस्था काही जणांनी कागदावर सुचवली. त्या व्यवस्थेचा पुरावा आज सापडला. “लिही, ‘नियम वाचला’.” डेस्कने ते घेतले नाही.

घड्याळांचा मुद्दा काकूंनी एकदा वेगळ्या रीतीने निकालात काढला. काकू म्हणजे सरांच्या पत्नी कौसल्याबाई, माहेर पवनी तालुक्यातले आसगाव. भाच्याच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, जाताना सरांनी झोपायच्या खोलीतली वेळ पाहिली, चिठ्ठी वाचायला विसरले, आणि तुमसर रोड स्टेशनवर पोचेपर्यंत गाडी गेली होती. काकू दोन दिवस काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी सर रोजची फेरी मोजायला उठले, तर सात मिळवून, काही वजा करून, चार मिळवून ते बैठकीत परत आले तेव्हा पाच मिनिटे शिल्लक राहत होती. त्यांनी तिन्ही घड्याळे तपासली. ती जशीच्या तशी होती. स्वयंपाकघरातले घड्याळ पाच मिनिटे हलवून पाहिले, तर फेरी बिघडलेलीच राहिली, कारण घड्याळ हलवले की दोन्ही दारांच्या चिठ्ठ्या बदलाव्या लागत होत्या. दुपारपर्यंत ते खोल्यांतून फिरत होते.

शेवटी त्यांनी अक्षर ओळखले. ‘अकरा वजा करा’ ही चिठ्ठी काढून काकूंनी ‘सहा वजा करा’ अशी लावली होती.

“हे तू केलं?”

“हौ. गाडी चुकोली तुमी, मले कोनी इचारलं? आता फिरा दिवसभर.”

सर रागावले नाहीत. खडू काढून त्यांनी स्वयंपाकघराच्या फरशीवर तीन खोल्या काढल्या आणि मध्ये मोठा ‘पाच’ लिहिला. कोणत्याही घड्याळाला हात लावून हे पाच घालवता येत नाही, कारण ते कोणत्याच खोलीत नाही. ते फेरीत आहे. चुंबकाचे बल असेच असते, कोणत्या एका ठिकाणच्या मापात न सापडणारे, पण फेरी मारली की शिल्लक राहणारे. “कौसल्या,” ते म्हणाले, “तू घरात चुंबक आनून ठेवला.”

“ठेवला त ठेवला. पाय काढा, पोछा माराचा हाये.”

बैठकीतल्या फळीवर सात पायल्या होत्या. धान मोजायची ही जुनी भांडी. किलो आले, पुढे इलेक्ट्रॉनिक काटे आले आणि पायल्या घराघरांत माळ्यावर गेल्या. सर ज्या गावी जात तिथून एक मागून आणत. एक नाकाडोंगरीची लाकडी, लोखंडी पट्टी ठोकलेली. एक आसगावची पितळी, काकूंच्या माहेरची. बाकीच्या आसपासच्या गावांच्या. कोणत्याही दोन सारख्या नव्हत्या. पाहुण्याला चहाआधी तांदूळ एकीतून दुसरीत ओतायला लावत. प्रत्येक गावाची पायली वेगळी, कोणतीच चूक नाही, गावागावांच्या रस्त्यावर मात्र एक ठरलेला नियम: इथली एक म्हणजे तिथली सव्वा. तीन गावांची फेरी मारून आपल्या गावी आल्यावर माप जुळले नाही, तर समजायचे की मध्ये काहीतरी खरे बसले आहे. गेज सिद्धांत ते असा शिकवत.

पायल्यांमधली प्रमाणे नेमकी काढायला त्यांनी दसारामला बोलावले. दसाराम धान्य बाजारातला मापारी. शेतमालाचे वजन-माप करणारा माणूस. वडीलही मापारी होते, त्यांच्या हाताखाली तो पायलीवर शिकलेला. सातवीपर्यंत शाळा. सर पायली भरत होते ते त्याने थोडा वेळ पाहिले.

“सर, तुमी धान मोजता का दवाई देता?”

“काहून?”

“असं बोटानं दाबू नोका. दाबलं का खोटं झालं. सोडाचं आन हात फिरवाचा.”

त्याने मनगटाच्या एका फिरवणीत पायली सपाट केली. त्या दिवसापासून दर रविवारी सकाळी तो सरांकडे येऊ लागला. सर निवृत्त झाले होते आणि मराठीत गेज सिद्धांतावर पुस्तक लिहीत होते. लिहून झालेले प्रकरण ते दसारामला वाचून दाखवत. मी विचारले, प्राध्यापकांना का दाखवत नाही? ते म्हणाले, “शिकलेला माणूस समजलं नाही तरी मान हलवते. दसाराम हलवत नाई.”

दसाराम खरेच मान हलवत नसे. डोळे बारीक करून बसे. काही प्रकरणांना तो म्हणे, “हे माझ्या कामाचं नाई, पुढं चाला.” एका प्रकरणाला म्हणाला, “सर, हे पान तुमाले बी समजलं नाई वाटते.” सरांनी ते पान फाडले.

पुस्तकाला आठ वर्षे लागली. त्यातल्या शेवटच्या दोन वर्षांत सरांच्या डोळ्यांत काचबिंदू असल्याचे कळले. डावा डोळा गेला. उजव्याची नजर कडेने मिटत आली होती. नळीतून पाहावे तसे मधले तेवढे दिसे. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितले की गेलेले परत येत नाही, उरलेले वर्षभर धरून चाला. सरांनी हे मला सांगितले ते तपशील म्हणून. नंतर एकच वाक्य जोडले: “पुस्तक छापून आलेलं मले या डोळ्यानं पाहाचं हाये.” स्वतःसाठी काही हवे आहे असे त्यांनी म्हटलेले मी ऐकले ते एवढेच.

भंडाऱ्याच्या एका छोट्या छापखान्यात पुस्तक जुळवले गेले. मी तिथे राहत असल्याने कच्च्या छपाईची पाने नेण्या-आणण्याचे काम माझ्याकडे होते. दिवाळीनंतरच्या एका रविवारी शेवटची पाने घेऊन मी तुमसरला गेलो. सरांना वाचायला त्रास होत होता, म्हणून काकू मोठ्याने वाचत होत्या. दसाराम ओसरीवर बसला होता. पायलीचे प्रकरण त्याने आधी ऐकलेले नव्हते. ते लिहिले तेव्हा धानाचा हंगाम होता, त्याला फुरसत नव्हती, आणि सरांनाही वाटले होते की पायलीचे दसारामला काय वाचून दाखवायचे.

काकूंचे वाचून झाले. दसाराम ओसरीवरून दारापाशी सरकला.

“सर, एक गोष्ट इचारू का?”

“इचार.”

“तुमी म्हनता का तीन गावायचा फेरा मारून आलं त कुठंकुठं माप बदलते.”

“हौ. जिथं मधात काही बसलं हाये तिथं.”

“मंग असं समजा. एकाच बांधीतलं, एकाच वावरातलं धान. एक बैलबंडी या रस्त्यानं आली, एक त्या रस्त्यानं. दोनी माझ्यापाशी येऊन उभ्या. पायली माझी एकच. मंग तुमच्या हिशेबानं एका बंडीतला दाना मोठा निंगन, एका बंडीतला लहान?”

सर म्हणाले, “निंगन.”

“चाळीस वर्स झाले, मी धान मोजून राहिलो. असं एकडावबी नाई झालं. दाना रस्ता याद नाई ठेवत, सर.”

काकूंनी पाने मांडीवर ठेवली. सर उठले, भिंतीला हात लावत आत गेले आणि एक जुने इंग्रजी पुस्तक घेऊन आले. ते उघडले नाही. नुसते हातात धरून सांगितले. शंभरेक वर्षांपूर्वी जर्मनीतल्या एका मोठ्या गणितज्ञाने हीच कल्पना मांडली होती: प्रत्येक जागेची लांबीची पट्टी वेगळी, आणि रस्त्यागणिक ती बदलते. त्या काळच्या सगळ्यात मोठ्या शास्त्रज्ञाने तिला आक्षेप घेतला. तसे असते तर एकाच जातीचे दोन अणू वेगवेगळ्या रस्त्यांनी आल्यावर वेगवेगळ्या रंगाचा प्रकाश देते. ते देत नाहीत. मिठाची चिमूट कुठूनही आणून ज्योतीत टाका, ज्योत तशीच पिवळी होते. कल्पना त्या रूपात मागे पडली. पुढे तीच कल्पना लांबीऐवजी दुसऱ्या गोष्टीला लावली तेव्हा बरोबर निघाली.

“म्हंजे माझं चुकलं का?” दसारामने विचारले.

“तुझं नाई. माझं चुकलं. मी हा इतिहास वर्गात शिकवला हाये. पण पायल्या माझ्या घरच्या होत्या, म्हणून मले दिसलं नाई.”

ते माझ्याकडे वळले. “बाबू, छापखान्यात सांग. थांबवा म्हनाव.”

त्यावर काकू बोलल्या. त्या आवाज चढवत नसत, तेव्हाही चढवला नाही.

“अजी, छापून टाका. पुस्तक डोळ्यानं पाहाचं होतं न तुमाले?”

“चुकीचं पाहून काय करू?”

“चूक कोनाले समजन? या एका दसारामले.”

“एकाले समजली न? मंग ते चूकच हाये.”

“दुसऱ्या छपाईत दुरुस्त करजा.”

“कौसल्या, पहिलं पुस्तक कोनाच्या तरी हातात जाईन. पवनीचा नाई त लाखांदूरचा एखादा पोरगा वाचन, आन पायली डोक्यात घेऊन पुढं जाईन. त्याच्या डोक्यातून ते काढाले मी कुठं असन?”

दसाराम उठून उभा राहिला. “मी बोललो नसतो त बरं झालं असतं,” तो म्हणाला. सर म्हणाले, “बस. तू बोलला नसता त आठ वर्स वाया गेले असते.” तो बसला. पण चहा न घेता गेला, आणि पुढचे दोन रविवार आला नाही. तिसऱ्या रविवारी सर काकूंचा हात धरून त्याच्या घरी गेले आणि त्याला घेऊन आले.

मी छापखान्यात निरोप दिला. मालक म्हणाला, पाने तशीच ठेवतो, सरांना म्हणावं घाई नाही. घाई होती.

त्या हिवाळ्यात सरांनी ते प्रकरण चार वेळा लिहिले. नंतर अक्षरे एकमेकांवर चढू लागली तेव्हा सांगितले आणि काकूंनी लिहिले. लांबीऐवजी जी दुसरी गोष्ट बरोबर निघाली ती म्हणजे फेऱ्यातली जागा. इलेक्ट्रॉनसोबत एक फिरती गोष्ट असते. ती लहान-मोठी होत नाही, फेऱ्यात कुठे आहे तेवढेच बदलते. गणितात हे दोन ओळींत येते. मराठीत, गावातल्या माणसाला दिसेल असे, ते येत नव्हते. मी दर पंधरवड्याला जात असे. फळीवरच्या पायल्या काढून कोपऱ्यात पालथ्या ठेवलेल्या मी पाहिल्या.

फेब्रुवारीत काकू घड्याळांचे सेल बदलत होत्या. सर खाटेवर बसून पाचवा प्रयत्न सांगत होते आणि मध्येच थांबले होते. काकू स्टुलावरून म्हणाल्या, “एवढं काय त्याच्यात? घड्याळाचा काटा मोठा होते का कधी? फिरते फक्त.”

सर म्हणाले, “परत बोल.”

“काय परत बोलू? काटा तेवढाच राहते. फिरते.”

“इतके वर्स माझ्या घरात होतं हे,” सर म्हणाले.

“मीच सेल टाकत होती त्याले.”

घड्याळ मात्र त्यांना पुस्तकात मुख्य दाखला म्हणून नको होते. घड्याळ सगळ्यांच्या पुस्तकांत असते, असे त्यांचे म्हणणे. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला त्यांना धान्य बाजारात न्यायला सांगितले. यार्डात एका ट्रकवर तांदळाचे कट्टे, म्हणजे पोती, चढत होते आणि दसाराम मोजत होता. वजन काट्यावर होते, पण कट्टे मोजायची रीत जुनी, पायलीच्या वेळची. पहिल्याला ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. लाभ, दोन, तीन, असे वीसपर्यंत. वीस झाले की भिंतीवर खडूची एक रेघ आणि पुन्हा लाभ. सर एका पोत्यावर बसले आणि तासभर ऐकत राहिले. उठताना म्हणाले, “सापडलं.”

नव्या प्रकरणात पायली सगळीकडे एकच आहे. दाणा तेवढाच. प्रत्येक गावच्या मापाऱ्याला मोजणी कुठूनही सुरू करायची मुभा आहे: कोणी लाभपासून, कोणी सातपासून. धानाला त्याने फरक पडत नाही. एका गावातून दुसऱ्यात जाताना मोजणीत किती मिळवायचे हे रस्ता सांगतो. एकाच ठिकाणाहून दोन मापारी दोन रस्त्यांनी निघाले आणि बाजाराच्या फाटकावर भेटले. धान एका दाण्याने कमी-जास्त नाही. पण एक म्हणतो लाभ आणि दुसरा कदाचित म्हणतो अकरा. दोघांचा लाभ एकदम आला तर हमालांचे हात एकदम उठतात. एकाचा लाभ आणि दुसऱ्याचा अकरा आला, म्हणजे बरोबर अर्धा फेरा चुकला, तर काम अडते. इलेक्ट्रॉन दोन रस्त्यांनी येतो तेव्हा हेच होते. मोजणी जुळते तिथे तो सापडतो, उलटी पडते तिथे सापडत नाही. आणि मोजणीतला फरक दोन रस्त्यांच्या मधल्या जागेत काय आहे यावर ठरतो. तिथे चुंबक असेल, तर दोन्ही रस्ते त्याला शिवले नाहीत तरी मोजणीत फरक पडतो. दाणा रस्ता लक्षात ठेवत नाही, मोजणी ठेवते.

काकूंनी हे दसारामला वाचून दाखवले तेव्हा मी तिथे होतो. तो डोळे बारीक करून बसला होता.

“वीसच काहून? पन्नासचा फेरा बी असू शकते.”

“असू शकते,” सर म्हणाले. “कितीचा ते आपन ठेवलं. फेरा हाये, एवढं नदीचं हाये.”

“मंग काही अडत नाई.”

“तुले समजलं का, ते नाई इचारून राहिलो मी. चुकलं कुठं ते सांग.”

“तेच सांगून राहिलो न. नाई चुकलं.”

पायलीचे प्रकरण सरांनी काढून टाकले नाही. ‘माझी चूक’ असे नाव देऊन ते त्याच जागी ठेवले. त्यानंतर दसारामचा आक्षेप त्याच्या नावासह, त्याच्याच शब्दांत. त्यानंतर काकूंचे घड्याळ, मग मोजणी.

पुस्तक जूनमध्ये छापून झाले. सरांचा उजवा डोळा एप्रिलच्या शेवटी गेला होता. उजेड कुठून येतो एवढे कळत होते, त्यापलीकडे काही नाही.

पहिली प्रत घेऊन मी सकाळी तुमसरला गेलो. घरी फक्त काकू होत्या. दारांवरच्या चिठ्ठ्या तशाच होत्या. ‘सहा वजा करा’ देखील. काकू म्हणाल्या, ते बाजारात गेले, रोजच जातात, दसाराम येऊन घेऊन जातो. पुस्तक त्यांनी हातात घेतले, मुखपृष्ठावरचे नाव वाचले, पदराने पुसले आणि मला परत दिले. “त्यायच्या हातात द्या,” म्हणाल्या.

सर यार्डात शेडखाली कट्ट्यांच्या थप्पीला टेकून बसले होते. खिशात खडू होता. मी पुस्तक हातात दिले. त्यांनी कड चाचपली, जाडी बोटांत धरून पाहिली, एक पान मध्येच उघडून त्यावर तळवा ठेवला.

“कोनतं पान हाये?”

मी पाहून सांगितले. पायलीचे नव्हते, त्याच्या आधीचे होते.

“दसारामले दे. त्याचं पान काढून दे.”

दसारामने हात शर्टाला पुसले. बोट ठेवून, एकेक शब्द सोडवत त्याने स्वतःचे वाक्य मोठ्याने वाचले. शेवटी आपले नाव आले तिथे तो थांबला आणि ते त्याने मनातच वाचले.

“काय लिहिलं हाये खाली?” सरांनी विचारले.

“तुमाले मालूम हाये न.”

“मले दिसत नाई. तू वाच.”

“दसाराम, मापारी, तुमसर,” त्याने वाचले.

“बरोबर छापलं?”

“बरोबर हाये.”

ट्रकवाल्याने हॉर्न दिला. दसारामने पुस्तक सरांच्या मांडीवर ठेवले आणि जाऊन ट्रकच्या फळीशी उभा राहिला. हमाल रांगेने येऊ लागले. मोजणी आधीच अर्ध्यावर आली होती; मला कितीवर ते माहीत नव्हते. सरांनी पुस्तक मिटले, दोन्ही हात त्यावर ठेवले आणि चेहरा आवाजाच्या दिशेला केला. त्यांचे ओठ हलत होते. मी निरोप घेतला. त्यांनी मान हलवली, पण मोजणी सोडली नाही.

फाटकापाशी पोचलो तेव्हा दसारामचा आवाज अठरा, एकोणीस असा येत होता. वीस झाले. भिंतीवर रेघ ओढायला तो वळला. नवा कट्टा फळीवर आला, आणि दोन ठिकाणांहून एकदम ऐकू आले, “लाभ.”